पीकेजी-कॉन्फिग

पीकेजी-कॉन्फिग हे सॉफ्टवेअरची बांधणी करताना वापरले जाणारे एक मुक्त स्रोत साधन आहे. एखाद्या प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी संगणकावर उपलब्ध आहे का, तिची आवृत्ती कोणती, आणि ती वापरण्यासाठी कंपायलर व लिंकर यांना नेमके कोणते फ्लॅग द्यावे लागतात, या तीन प्रश्नांची उत्तरे हे साधन देते. ही माहिती प्रत्येक लायब्ररीसोबत येणाऱ्या एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये नोंदवलेली असते. तिचे नाव ‘डॉट पीसी’ या अक्षरांनी संपत असल्याने तिला ‘पीसी फाइल’ म्हणतात.

या साधनामागील विचार साधा आहे. लायब्ररी कशी वापरावी याचे ज्ञान ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरच्या स्मरणात नव्हे, तर त्या लायब्ररीजवळच असावे. लायब्ररी दुसऱ्या ठिकाणी हलली किंवा तिची आवृत्ती बदलली, तर केवळ तिची पीसी फाइल बदलते. तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रोग्रॅमांच्या बांधणीच्या सूचना बदलाव्या लागत नाहीत.

या लेखात आज्ञा, फ्लॅग व फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

पार्श्वभूमी

सी, सी प्लस प्लस यांसारख्या भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम थेट चालत नाही. त्याला तीन टप्प्यांतून जावे लागते आणि प्रत्येक टप्प्यावर लायब्ररीचा संबंध वेगळ्या रीतीने येतो.

पहिल्या टप्प्यात कंपायलर, म्हणजेच संकलक, सोर्स कोड वाचून त्याची ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. लायब्ररीतील एखादे फंक्शन कोणत्या प्रकारची मूल्ये घेते आणि कोणते परत देते, एवढेच त्याला या वेळी ठाऊक असावे लागते. ही घोषणा हेडर फाइलमध्ये असते. फंक्शनचा प्रत्यक्ष कोड कोठे आहे याच्याशी कंपायलरला कर्तव्य नसते.

दुसऱ्या टप्प्यात लिंकर सर्व ऑब्जेक्ट फाइली एकत्र आणतो आणि ज्या फंक्शनांचा केवळ नामोल्लेख झाला आहे, त्यांची व्याख्या लायब्ररीत शोधून दोहोंचा सांधा जुळवतो. यासाठी त्याला हेडर नव्हे, तर लायब्ररीची प्रत्यक्ष फाइल लागते.

तिसरा टप्पा प्रोग्रॅम चालवताना येतो. लायब्ररी सामायिक प्रकारची असेल, तर तिचा कोड प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये नसतो. लोडर नावाचा घटक प्रत्येक वेळी ती लायब्ररी शोधून स्मृतीत आणतो.

या तिन्ही टप्प्यांवर शोध घेणारा घटक वेगळा आणि त्याचे शोधमार्गही वेगळे असतात. म्हणून एका टप्प्यावर सापडलेली लायब्ररी पुढच्या टप्प्यावर सापडेलच असे नाही. कंपायलरने तक्रार केली नाही म्हणजे प्रोग्रॅम तयार झाला, हा नवशिक्यांचा समज इथेच खोटा ठरतो.

प्रमुख फ्लॅग

फ्लॅग म्हणजे आज्ञेसोबत दिलेली आणि उणे-चिन्हाने सुरू होणारी सूचना. लिनक्स व युनिक्स परंपरेतील कंपायलरांमध्ये लायब्ररीशी संबंधित पुढील फ्लॅग नेहमी लागतात.

• कॅपिटल आय : हेडर फाइली कोणत्या डिरेक्टरीत शोधाव्यात हे कंपायलरला सांगतो.
• कॅपिटल डी : सोर्स कोड वाचण्यापूर्वी एखादे मॅक्रो निश्चित करतो.
• कॅपिटल एल : लायब्ररीच्या फाइली कोणत्या डिरेक्टरीत शोधाव्यात हे लिंकरला सांगतो.
• स्मॉल एल : कोणती लायब्ररी जोडावी हे लिंकरला सांगतो.

शेवटच्या दोन फ्लॅगांत अक्षर एकच असल्याने गोंधळ होतो. वाचनालयाची उपमा द्यायची तर कॅपिटल एल कपाट दाखवतो आणि स्मॉल एल पुस्तकाचे नाव सांगतो. नुसते कपाट दाखवून पुस्तक हाती येत नाही; आणि पुस्तक नेहमीच्या कपाटात नसेल, तर नुसत्या नावाने ते सापडत नाही.

स्मॉल एलपुढे लायब्ररीचे नाव लिहिताना फाइलच्या नावातील आरंभीचे ‘लिब’ आणि शेवटचे ‘डॉट एसओ’ किंवा ‘डॉट ए’ हे भाग गाळतात. गणिती फंक्शनांच्या लायब्ररीच्या फाइलचे नाव ‘लिबएम’ असे सुरू होते. म्हणून तिच्यासाठी स्मॉल एलपुढे केवळ ‘एम’ हे अक्षर येते.

सी भाषा शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची या विषयाशी पहिली गाठ याच लायब्ररीमुळे पडते. लिनक्सवर वर्गमूळ काढणारे फंक्शन वापरताना योग्य हेडर जोडूनही लिंकर ते फंक्शन सापडत नसल्याचे सांगतो, कारण गणिताची लायब्ररी मुख्य सी लायब्ररीपासून वेगळी ठेवलेली आहे आणि ती नाव घेऊन मागावी लागते. यात एक चकवाही आहे. २ या स्थिर संख्येचे वर्गमूळ मागितले, तर कंपायलर ते स्वतःच काढून उत्तर लिहून ठेवतो. त्यामुळे लिंकरला काही शोधावेच लागत नाही आणि प्रोग्रॅम बिनतक्रार तयार होतो. संख्येच्या जागी वापरकर्त्याने दिलेले मूल्य आले, की तोच प्रोग्रॅम जोडणीच्या टप्प्यावर अडतो. चूक दोन्ही वेळा होती. पहिल्या वेळी ती केवळ उघडकीस आली नव्हती.

हाताने फ्लॅग लिहिण्यातील अडचणी

एकदोन लायब्रऱ्या असतील, तर फ्लॅग हाताने लिहिणे शक्य असते. लायब्ररी स्वतः इतर लायब्रऱ्यांवर अवलंबून असेल, तेव्हा ही रीत अपुरी पडते.

पडद्यावर मराठी मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम हे याचे चांगले उदाहरण आहे. देवनागरीतील ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते, पण दिसते व्यंजनाच्या आधी. ‘क्ष’सारख्या जोडाक्षरात अनेक चिन्हे मिळून एक आकृती बनते. ही मांडणी प्रोग्रॅमरने स्वतः करायची नसते. त्यासाठी पॅंगो ही लायब्ररी वापरता येते. पॅंगो अक्षरांना योग्य रूप देण्याचे काम हार्फबझकडे सोपवते, फॉन्ट शोधण्यासाठी फॉन्टकॉन्फिगची मदत घेते आणि रेखाटनासाठी कैरो वापरू शकते. तिचा पाया जीलिब या लायब्ररीवर आहे. म्हणजे प्रोग्रॅमरने एक लायब्ररी मागितली, तरी प्रत्यक्षात एक कुटुंबच घरात येते.

या कुटुंबातील प्रत्येकाची हेडर ठेवण्याची जागा वेगळी असते. जीलिबची बहुतेक हेडर सर्वसाधारण हेडर-डिरेक्टरीतील ‘जीलिब-२.०’ या उपडिरेक्टरीत असतात. मात्र तिचे एक हेडर संगणकाच्या जातीनुसार बदलत असल्याने ते लायब्रऱ्यांच्या डिरेक्टरीत वेगळे ठेवलेले असते. त्यामुळे एकट्या जीलिबसाठीच दोन कॅपिटल आय फ्लॅग द्यावे लागतात. शिवाय लायब्रऱ्यांची ही डिरेक्टरी डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांत निरनिराळ्या ठिकाणी असते. एका संगणकावर पाहून लिहिलेले फ्लॅग दुसऱ्यावर चालत नाहीत, याचे कारण हेच.

प्रश्न केवळ जागेचा नसतो. फ्यूज या फाइल-प्रणालीविषयक लायब्ररीचे हेडर ‘फाइल ऑफसेट बिट्स’ हे मॅक्रो ६४ ठरवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ३२ बिटांच्या प्रणालीवर या मॅक्रोमुळे फाइलमधील स्थान दर्शवणाऱ्या संख्येचा आकार ३२ ऐवजी ६४ बिट होतो आणि २ जीबीहून मोठ्या फाइली हाताळता येतात. लायब्ररी एका आकाराने आणि तिला वापरणारा प्रोग्रॅम दुसऱ्या आकाराने तयार झाला, तर दोघे एकाच माहितीचा वेगवेगळा अर्थ लावतील. फ्यूजची पीसी फाइल हा कॅपिटल डी फ्लॅग स्वतःच पुरवते. थोडक्यात, फ्लॅग हे काही वेळा लायब्ररी आणि प्रोग्रॅम यांच्यातील कराराचा भाग असतात.

इतिहास

या प्रश्नावरचा आरंभीचा उपाय म्हणजे प्रत्येक लायब्ररीसोबत एक स्वतंत्र लहान प्रोग्रॅम देणे. जीटीके या लायब्ररीसाठी ओवेन टेलर यांनी जीटीके-कॉन्फिग तयार केले. त्यापासून प्रेरणा घेऊन मिगेल दे इकाझा, राजा हरिनाथ आणि ग्नोम प्रकल्पातील इतरांनी ग्नोम-कॉन्फिग लिहिले. हा उपाय उपयोगी होता. पण प्रत्येक लायब्ररीने असे स्वतःचे साधन द्यायचे म्हटल्यावर साधनांची संख्या वाढत गेली. शिवाय एका साधनाला दुसऱ्याची माहिती नसे. लायब्रऱ्यांमधील परस्परसंबंध कोणीतरी एका ठिकाणी पाहण्याची गरज होती.

ती गरज पीकेजी-कॉन्फिगने भागवली. ते प्रथम जेम्स हेनस्ट्रिज यांनी लिहिले, नंतर मार्टाइन व्हान बीर्स यांनी व पुढे हॅवॉक पेनिंग्टन यांनी ते नव्याने लिहिले. २००२ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झालेल्या जीटीके २.० ने जीटीके-कॉन्फिग सोडून पीकेजी-कॉन्फिगचा अवलंब केला. पुढे ग्नोमच्या बाहेरील प्रकल्पांनीही पीसी फाइली देण्यास सुरुवात केली. साधनाचा प्रकल्प फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर सांभाळला जाऊ लागला.

पीसी फाइलची रचना

पीसी फाइल कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येते. तिच्या आरंभी डिरेक्टरींची नावे धारण करणारी चल-नामे असतात. त्यांतील ‘प्रीफिक्स’ हे मूळ स्थान दाखवते. हेडरची व लायब्ररीची डिरेक्टरी सहसा त्याच्या आधारे लिहिलेली असते. त्यामुळे एक ओळ बदलली, की बाकीच्या आपोआप बदलतात. त्यानंतर पुढील नोंदी येतात.

• नेम, डिस्क्रिप्शन व व्हर्जन : लायब्ररीचे नाव, अल्प परिचय आणि आवृत्ती.
• सीफ्लॅग्ज : कंपायलरला द्यायचे फ्लॅग.
• लिब्ज : लिंकरला द्यायचे फ्लॅग.
• रिक्वायर्स : ज्या लायब्रऱ्या प्रोग्रॅमलाही जोडाव्या लागतात त्यांच्या पीसी फाइलींची नावे. किमान आवृत्तीची अटही येथे घालता येते.
• रिक्वायर्स डॉट प्रायव्हेट : लायब्ररीला अंतर्गत कामासाठी लागणाऱ्या, पीसी फाइल असलेल्या इतर लायब्रऱ्या.
• लिब्ज डॉट प्रायव्हेट : केवळ स्टॅटिक जोडणीच्या वेळी लागणारे लिंकरचे फ्लॅग.
• कॉन्फ्लिक्ट्स : ज्यांच्यासोबत ही लायब्ररी चालत नाही त्यांची नोंद.

वापर

साधनाच्या नावापुढे पर्याय आणि त्यापुढे पीसी फाइलचे नाव लिहिले, की उत्तर पडद्यावर उमटते. ‘सीफ्लॅग्ज’ हा पर्याय कंपायलरचे आणि ‘लिब्ज’ हा लिंकरचे फ्लॅग छापतो. ‘मॉडव्हर्जन’ आवृत्ती सांगतो. ‘एक्झिस्ट्स’ काहीही न छापता, लायब्ररी आहे की नाही एवढेच आपल्या निर्गम-संकेतातून कळवतो. तो प्रामुख्याने इतर प्रोग्रॅमांच्या उपयोगाचा आहे.

पॅंगो व कैरो एकत्र वापरण्यासाठी ‘पॅंगोकैरो’ या नावाने विचारणा केली, तर लिब्जच्या उत्तरात पॅंगोकैरोबरोबर पॅंगो, जीलिब व कैरो यांचेही स्मॉल एल फ्लॅग मिळतात. प्रोग्रॅमरने ही नावे सांगितलेली नसतात. साधनाने एका पीसी फाइलवरून दुसरीकडे जात ती गोळा केलेली असतात.

उलट, माहिती-संक्षेपासाठी वापरल्या जाणाऱ्या झेडलिब या लायब्ररीबद्दल विचारले, तर सीफ्लॅग्जचे उत्तर अनेक संगणकांवर रिकामेच येते. ही चूक नव्हे. ज्या डिरेक्टरी कंपायलर व लिंकर एरवीही तपासतात, त्यांचे फ्लॅग पीकेजी-कॉन्फिग मुद्दाम गाळते. ते पुन्हा लिहिल्यास शोधाचा क्रम बदलून भलत्याच आवृत्तीचे हेडर उचलले जाण्याचा संभव असतो.

मोठ्या प्रकल्पांत या आज्ञा हाताने द्याव्या लागत नाहीत. ऑटोकॉन्फमध्ये ‘पीकेजी चेक मॉड्यूल्स’ हे मॅक्रो आहे, मेसॉनमधील ‘डिपेंडन्सी’ हे फंक्शन सर्वसाधारणपणे प्रथम पीकेजी-कॉन्फिगकडेच विचारणा करते, आणि सीमेकमध्ये त्यासाठी स्वतंत्र मॉड्यूल आहे.

फ्लॅगांचा क्रम

लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो. स्टॅटिक लायब्ररी समोर आल्यावर, तोपर्यंत ज्यांची गरज निर्माण झाली आहे तेवढीच फंक्शने तो तिच्यातून घेतो आणि पुढे जातो. म्हणून लायब्ररीचे नाव तिला वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलीच्या नंतर यावे लागते. नाव आधी लिहिले, तर त्या क्षणी कोणालाच तिची गरज नसते. गरज निर्माण होते तेव्हा लिंकर तिला मागे टाकून आलेला असतो. मग फ्लॅग बरोबर असूनही ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे व्याख्या न सापडलेला उल्लेख, अशी त्रुटी येते. केवळ गरज असलेल्याच सामायिक लायब्रऱ्या जोडण्याची सूचना लिंकरला दिलेली असेल, तर सामायिक लायब्रऱ्यांबाबतही हाच अनुभव येतो. उबुंटूने ११.१० या आवृत्तीपासून ही सूचना पूर्वनियोजित केली, तेव्हा आधी बिनतक्रार बांधले जाणारे अनेक प्रोग्रॅम क्रमाच्या चुकीमुळे अडू लागले.

मेकफाइलमध्ये फ्लॅगांसाठी जी रूढ चल-नामे आहेत, त्यांमागेही हाच विचार आहे. ‘एलडीफ्लॅग्ज’ हे ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येते. त्यात कॅपिटल एलसारखे फ्लॅग ठेवतात. ‘एलडीलिब्ज’ हे शेवटी येते; स्मॉल एलचे फ्लॅग त्यात ठेवतात. हे दुसऱ्या प्रकारचे फ्लॅग पहिल्या चल-नामात ठेवणे ही सर्रास आढळणारी चूक आहे.

स्टॅटिक आणि सामायिक जोडणी

सामायिक लायब्ररी आपल्याला कोणत्या इतर लायब्रऱ्या लागतात याची नोंद स्वतःच्या फाइलमध्ये ठेवते. प्रोग्रॅमने तिला जोडले म्हणजे पुरते. बाकीच्यांना लोडर बोलावून घेतो. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे मात्र ऑब्जेक्ट फाइलींचे गाठोडे असते. तिच्यात अशी नोंद नसते. म्हणून तिला लागणारी प्रत्येक लायब्ररी आज्ञेत स्वतंत्रपणे लिहावी लागते.

पीसी फाइलमधील ‘प्रायव्हेट’ नोंदींचे प्रयोजन हेच आहे. एरवी त्यांतील लिंकरचे फ्लॅग छापले जात नाहीत; ‘स्टॅटिक’ हा पर्याय दिल्यावरच ते उत्तरात येतात. अंतर्गत लायब्रऱ्यांची नावे सर्वसाधारण नोंदीत घातली, तर प्रत्येक प्रोग्रॅम विनाकारण त्यांच्याशीही थेट जोडला जातो. पुढे त्यांपैकी एखादीची विसंगत आवृत्ती आली, की ज्यांनी ती कधी वापरलीच नव्हती असे प्रोग्रॅमही पुन्हा बांधावे लागतात.

दोन्ही पद्धतींतील निवडीचे परिणाम दूरगामी असतात. झेडलिबच्या १.१.३ पर्यंतच्या आवृत्त्यांत, स्मृतीचा एकच तुकडा दोनदा मुक्त होण्याचा दोष होता. मार्च २००२ मध्ये १.१.४ या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. ज्या प्रोग्रॅमांनी सामायिक झेडलिब वापरली होती, त्यांच्यासाठी ती एक फाइल बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणे पुरेसे होते. ज्यांच्यात तिची स्टॅटिक प्रत मुरलेली होती, ते एकेक शोधून पुन्हा बांधणे भाग होते.

शोधमार्ग आणि दुसऱ्या संगणकासाठी बांधणी

पीसी फाइली शोधण्यासाठी काही डिरेक्टरी ठरलेल्या असतात. लायब्ररी वेगळ्या ठिकाणी, उदाहरणार्थ वापरकर्त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत, बसवली असेल, तर ‘पीकेजी कॉन्फिग पाथ’ या पर्यावरणीय चलात ते ठिकाण लिहितात. त्यामुळे नवे ठिकाण ठरलेल्या ठिकाणांच्या आधी तपासले जाते.

एका संगणकावर बसून दुसऱ्या जातीच्या संगणकासाठी, उदाहरणार्थ रास्पबेरी पायसाठी, प्रोग्रॅम बांधताना हे अपुरे ठरते. तेथे स्वतःच्या संगणकावरील लायब्रऱ्या दृष्टीआड कराव्या लागतात. ‘पीकेजी कॉन्फिग लिबडिर’ हे चल ठरलेल्या ठिकाणांची यादीच बदलून टाकते. आणि ‘पीकेजी कॉन्फिग सिसरूट डिर’ हे चल उत्तरातील डिरेक्टरींपूर्वी लक्ष्य-संगणकाच्या फाइली जेथे ठेवल्या आहेत ते स्थान जोडते. ही काळजी न घेतल्यास एका जातीच्या संगणकाची हेडर आणि दुसऱ्या जातीच्या लायब्रऱ्या यांची सरमिसळ होते.

त्रुटींचे निदान

त्रुटी कोणत्या टप्प्यावर आली हे ओळखले, की अर्धे निदान होते.

• हेडर फाइल सापडत नाही : त्रुटी कंपायलरची आहे. कॅपिटल आय फ्लॅग तपासावा. स्मॉल एल फ्लॅग वाढवून ती दूर होत नाही.
• अनडिफाइन्ड रेफरन्स : त्रुटी लिंकरची आहे. स्मॉल एल फ्लॅग राहिला आहे, किंवा त्याचा क्रम चुकला आहे.
• स्मॉल एलने मागितलेली लायब्ररी सापडत नाही : हीदेखील लिंकरची त्रुटी आहे. नाव बरोबर असल्यास कॅपिटल एल फ्लॅग तपासावा.
• प्रोग्रॅम तयार झाला, पण चालवताना सामायिक लायब्ररी सापडत नाही : त्रुटी लोडरची आहे. कॅपिटल एल फ्लॅगचा प्रभाव बांधणीबरोबरच संपतो. लायब्ररीचे स्थान लोडरला प्रणालीच्या यादीतून, पर्यावरणीय चलातून किंवा प्रोग्रॅममध्येच नोंदवलेल्या ‘आरपाथ’मधून कळवावे लागते. कोणती लायब्ररी सापडत नाही हे ‘एलडीडी’ या आज्ञेने पाहता येते.
• पीसी फाइल सापडत नाही : पीकेजी-कॉन्फिग अशा वेळी शोधमार्ग वाढवण्याचा सल्ला देते. प्रत्यक्षात मात्र अनेकदा लायब्ररीचे विकास-पॅकेज बसवलेले नसते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत प्रोग्रॅम चालवण्यासाठी लागणारी लायब्ररी एका पॅकेजमध्ये, तर हेडर व पीसी फाइल दुसऱ्या पॅकेजमध्ये असते. या दुसऱ्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी डेबियन व उबुंटूमध्ये ‘डेव्ह’, तर फेडोरामध्ये ‘डेव्हल’ असे असते.
• ऑटोकॉन्फने तयार केलेल्या कॉन्फिगर या लिपीत पीकेजी-कॉन्फिगच्या मॅक्रोजवळ व्याकरणदोष दिसतो : ती लिपी तयार करताना त्या संगणकावर पीकेजी-कॉन्फिगची मॅक्रो-फाइल नव्हती.

सुरक्षिततेचा प्रश्न

प्रोग्रॅमने मागितलेल्या लायब्रऱ्यांपेक्षा प्रत्यक्षात स्मृतीत येणाऱ्या लायब्रऱ्या कितीतरी अधिक असू शकतात. याचे गांभीर्य २०२४ मध्ये सर्वांच्या लक्षात आले. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी, एक्सझेड या माहिती-संक्षेप संचाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा प्रवेशमार्ग पेरलेला असल्याचे जाहीर केले. दूरस्थ प्रवेशासाठी वापरला जाणारा एसएसएच सर्व्हर नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक घेत असल्याचे लक्षात आल्यावरून त्यांनी हा शोध घेतला होता.

मूळ ओपनएसएसएच एक्सझेडच्या लायब्ररीचा वापर करत नाही. मात्र काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि ती लायब्ररी एक्सझेडच्या लायब्ररीवर अवलंबून होती. अवलंबनाच्या या साखळीतून घातक कोड एसएसएच सर्व्हरपर्यंत पोहोचत होता. तो कोड सोर्स कोडमध्ये उघडपणे लिहिलेला नव्हता. तो चाचणीसाठीच्या फाइलींत दडवलेला होता. आणि प्रकाशित संचातील बांधणीच्या लिपीत केलेला बदल, बांधणी चालू असताना त्याला बाहेर काढून लायब्ररीत जोडत असे.

या घटनेत पीकेजी-कॉन्फिगचा दोष नव्हता. तथापि बांधणीच्या सूचना हाही सोर्स कोडइतकाच काळजीपूर्वक वाचण्याचा भाग आहे, आणि अनावश्यक लायब्ररी जोडणे निरुपद्रवी नसते, या दोन गोष्टी तिने ठळक केल्या.

मर्यादा आणि पर्याय

पीकेजी-कॉन्फिग लायब्ररीची फाइल स्वतः उघडून पाहत नाही. पीसी फाइल जे सांगते त्यावर ते विश्वास ठेवते. लायब्ररी काढून टाकली आणि पीसी फाइल मागे राहिली, तर साधन लायब्ररी आहे असेच उत्तर देते. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या बसवलेल्या असल्यास आधी सापडणारी पीसी फाइल ग्राह्य धरली जाते. याखेरीज, सर्वच लायब्रऱ्या पीसी फाइल देतात असे नाही.

या साधनाचे स्वतःचे अवलंबनही चर्चेचा विषय ठरले. पीकेजी-कॉन्फिग जीलिबवर आधारलेले आहे आणि जीलिबच्या बांधणीला पीकेजी-कॉन्फिग लागते. हे चक्र तोडण्यासाठी जीलिबची एक प्रत साधनासोबतच द्यावी लागली. पीकेजीकॉन्फ या पर्यायी साधनाला जीलिब लागत नाही आणि ते त्याच पीसी फाइली वाचते. फेडोराने २६ व्या आवृत्तीपासून आणि डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून पीकेजी-कॉन्फिगच्या जागी पीकेजीकॉन्फ स्वीकारले. वापरकर्त्यांना जुन्याच नावाने आज्ञा देता येत असल्याने बहुतेकांना हा बदल जाणवलाही नाही. साधन बदलले तरी पीसी फाइलींचे स्वरूप कायम राहिले, आणि लायब्ररीविषयीची माहिती लायब्ररीजवळच ठेवण्याची पद्धतही टिकून राहिली.